स्ट्रॉबेरी आणि तुती घरी वाळवायची तर

स्ट्रॉबेरी वाळवून ठेवायची हौस बहुतेकांना डिसेंबर-जानेवारीत येते. महाबळेश्वरची फेरी होते आणि येताना गाडीत चार-सहा पनेट जास्तीचे येतात. ती फळं ताजीच खाऊन टाका आणि वाळवणासाठी मार्च उजाडू द्या. थंडीतलं फळ मोठं, देखणं आणि महाग असतं. मार्चमध्ये फळ लहान होतं, दर उतरतो, आणि भिलार, मेटगुताड, पाचगणीकडचा बराच माल जॅम-सिरपसाठी पल्प काढायला कारखान्यांकडे जाऊ लागतो. वाळवायला हेच फळ हवं. ते आतपर्यंत लाल झालेलं असतं आणि लहान असल्यामुळे लवकर वाळतं. शिवाय तोवर हवाही आपल्या बाजूने झालेली असते. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी पारा 35 अंशांच्या पुढे जातो आणि हवेत ओल जवळजवळ राहत नाही. आपल्या आया-आज्या कुरडया, सांडगे, पापड याच दिवसांत का घालतात, त्याचं कारणही हेच आहे.

महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी मात्र उन्हावर फार भिस्त ठेवू नये. साडेचार हजार फुटांवरची हवा मार्चमध्येही गार असते आणि दवही पडतं. तिथे डिहायड्रेटर (फळं वाळवायचं विजेचं यंत्र) बरा, नाहीतर फळ घेऊन खाली वाईला किंवा साताऱ्याला यायचं.

आधी तासगावचं शेड समजून घ्या

हे काम शिकायला सांगली जिल्ह्याएवढी चांगली शाळा दुसरी नाही. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातून फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान कधी गेलात, तर एखाद्या बेदाणा शेडपाशी थांबा आणि विचारून आत जा. शेडला भिंती नसतात. वर छप्पर, बाजूंना शेडनेट, आणि आत जाळ्यांचे एकावर एक मजले. त्या जाळ्यांवर द्राक्षं पातळ पसरलेली असतात. नवख्या माणसाला आश्चर्य वाटतं ते याचं, की एवढं ऊन असूनही द्राक्षं सावलीत आहेत. वाळवायचं काम तिथे वारा करतो. ऊन फक्त ती हवा गरम आणि कोरडी करून देतं.

घरी करायचं कामही हेच आहे. फळातलं पाणी बाहेर यायला थोडी ऊब लागते, पण बाहेर आलेलं पाणी उचलून न्यायला खेळती हवाच लागते. ऊब वाढवली आणि हवा कोंडली, की फळ शिजतं. आच फारच वाढवली तर वरची बाजू पटकन कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. असं फळ हाताला वाळल्यासारखं लागतं, आणि आठवड्याभरात बरणीत त्याला बुरशी येते. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: आच कमी, हवा जास्त.

शेडवरची एक गोष्ट मात्र घरी उचलू नका. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो. तो सैल होऊन पाणी सुटावं म्हणून द्राक्षांना पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्याची प्रक्रिया देतात. स्ट्रॉबेरीला तसा थर नसतो आणि आपण ती कापूनच घालतो, त्यामुळे तिला या प्रक्रियेची गरज नाही. रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरीही देतात. ती घरात अजिबात देऊ नये. तो वायू छातीला वाईट, आणि दम्याच्या माणसाला तर फारच त्रासाचा.

किलोचे किती होतात

स्ट्रॉबेरीत सुमारे 91 टक्के पाणी असतं. म्हणजे चिरून तयार केलेल्या एक किलो फळात घन भाग जेमतेम 90 ग्रॅम. नीट वाळलेल्या फळात 15 ते 18 टक्के ओल राहते, म्हणून एक किलोचे साधारण 105 ते 110 ग्रॅम होतात. हा हिशोब दोन कामांना येतो. एक म्हणजे आधीच मनाची तयारी होते, कारण भरलेलं ताट संध्याकाळी मूठभर दिसलं की बरेच जण खट्टू होतात. दुसरं म्हणजे घरात वजनकाटा असेल तर फळ वाळलं की नाही हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. चकत्या घालण्यापूर्वी वजन करून कागदावर लिहा. त्याच्या नवव्या हिश्शाच्या आसपास आलं, की काम झालं. काटा अजून दीडशे ग्रॅम दाखवत असेल, तर हाताला काहीही वाटो, आत पाणी आहे.

साखर मात्र कुठे जात नाही. ताज्या शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण पाच ग्रॅम साखर असते. वाळल्यावर तेवढ्याच वजनात त्याच्या आठ-नऊपट. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे त्यांना सांगून ठेवा, कारण सुकं फळ हाताशी असलं की येता-जाता तोंडात पडतं.

निवडणं, धुणं, चिरणं

पहिल्यांदा एक किलोच घ्या. देठाजवळ पांढरं असलेलं फळ नको. वाळताना गोडी वाढते तसा आंबटपणाही वाढतो, आणि कच्चं फळ वाळून नुसतं आंबट लागतं. मऊ पडलेलं, रस सुटलेलं फळ बाजूला काढा. ते टाकायचं नाही, त्याचं पुढे सांगते. बुरशीचा एकही ठिपका दिसला तर ते फळ सरळ टाकून द्या, तेवढा भाग कापून बाकीचं वापरू नका.

धुताना हिरवा देठ तसाच राहू द्या. आधी देठ खुडला तर तिथून पाणी आत शिरतं आणि तेच पाणी पुन्हा वाळवत बसावं लागतं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली थोडी-थोडी फळं हाताने फिरवून धुवा, भिजत घालू नका. मग पंचावर एकेरी पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. वरचं पाणी पूर्ण गेल्याशिवाय सुरी हातात घ्यायची नाही.

चिरण्यात घाई करू नका, सगळं वाळवण इथेच ठरतं. धारदार, पातळ सुरी घ्या. बोथट सुरीने फळ दाबलं जातं आणि रस पाटावरच राहतो. टोपीसकट देठ काढा. देठाखाली पांढरा कठीण गाभा असेल तर तोही सुरीच्या टोकाने उचला. मग फळ आडवं धरून देठापासून टोकापर्यंत उभ्या चकत्या करा, प्रत्येक पाऊण सेंटिमीटरच्या आत, साधारण सहा-सात मिलिमीटरच्या. मध्यम फळाच्या तीन-चार होतात. मधल्या चकतीत पांढरट गाभा आणि त्यापासून कडेच्या बियांकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. वाळल्यावर त्याच रेघा गडद लाल चौकटीत फार सुंदर उठून दिसतात. कडेच्या दोन चकत्यांना एका बाजूला साल असते. त्या साल खाली, कापलेली बाजू वर अशा ठेवा, म्हणजे चिकटत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे जाडी सारखी ठेवा. एक जाड, एक पातळ असं झालं तर पातळ कुरकुरीत होतात तेव्हा जाड अजून ओल्याच असतात. अगदी बोराएवढ्या फळाचे नुसते दोन भाग पुरतात. पण अर्धे भाग आणि चकत्या एकाच ताटात घालू नका.

सफरचंदासारखी स्ट्रॉबेरी काळी पडत नाही, म्हणून लिंबाच्या पाण्याची सक्ती नाही. फळ सपक असेल तर थोडा लिंबाचा रस वरून चोळला की चव उठते. बेदाण्यासारखं मऊ, चावून खाण्याजोगं हवं असेल, तर किलोभर चकत्यांवर दोनशे ग्रॅम साखर भुरभुरून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा, सुटलेला पाक निथळून घ्या आणि मग वाळवा. पाकाचं सरबत करा. मला साखरेशिवायचंच आवडतं. साखर घातली तर वर दिलेला वजनाचा हिशोब लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा.

बाजेवरचं वाळवण

घरात बाज असेल तर तिच्यासारखं साधन नाही, कारण तिला खालून-वरून दोन्हीकडून हवा लागते. नसेल तर लाकडी चौकटीला स्टीलची किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीची प्लॅस्टिकची जाळी ताणून ती चार विटांवर ठेवा. थेट गच्चीच्या स्लॅबवर पसरू नका. खालून तापतं, पण हवा खेळत नाही. जस्ताचा मुलामा असलेली जाळी आणि ॲल्युमिनियमचं ताट टाळा, फळाच्या आंबटपणाने धातू उतरतो. वर्तमानपत्रही नको, शाई लागते.

बाजेवर धुतलेलं पातळ सुती कापड अंथरा. जुन्या धोतराचं उत्तम. चकत्या एकमेकींना न टेकता मांडा. वरून मच्छरदाणीचं कापड घाला, पण चार कोपऱ्यांना पेले ठेवून ते उचलून धरा, नाहीतर चिकटतं. बाजेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्यांचा प्रश्न मिटतो. मधमाश्या येतातच, त्यांना मच्छरदाणी पुरते.

जागा निवडताना तासगावचं शेड आठवा. पत्र्याच्या छपराखाली, वारा आरपार जातो अशी सावली मिळाली तर फार चांगलं. कडक उन्हात वाळवलं तरी चालतं, पण लाल रंग विटकरी होतो आणि क जीवनसत्त्वही जास्त जातं. मी पहिला दिवस उन्हात आणि पुढचं सावलीत असं करते, कारण पहिला दिवस सगळ्यात नाजूक असतो. सकाळी दहाच्या सुमाराला घातलेल्या चकत्या दुपारी दोनला एकदा उलटा. संध्याकाळी वरून बोट फिरवलं तर ओल लागता कामा नये. लागली, तर त्या रात्री चकत्या बाहेर किंवा स्वयंपाकघरात उघड्या ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा. ओलं फळ रात्रभर उबेत राहिलं तर आंबतं, आणि सकाळी दारूसारखा वास येतो. तसा वास आला तर ते फेकायचं, पुढे वाळवून सुधारत नाही.

रोज पाचच्या आत वाळवण घरात घ्या, रात्री दवाने कमावलेलं सगळं परत जातं. मार्चच्या चांगल्या हवेत चकत्या दोन-तीन दिवसांत होतात. आभाळ भरलं असेल तर सुरूच करू नका. एप्रिलमध्ये दुपारनंतर वळीव गाठतो, तेव्हा पुढच्या तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज बघूनच फळ आणा.

उघड्यावर वाळलेल्या फळात किड्यांची अंडी असू शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर, पूर्ण 48 तास ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं फळ खोलीच्या तापमानाला आलं की मग उघडा, नाहीतर गार फळावर बाष्प जमून ते पुन्हा ओलं होतं.

यंत्रात करायचं तर

डिहायड्रेटर असेल तर 57 अंश लावा. चकत्यांना 8 ते 12 तास लागतात, अर्ध्या भागांना त्याहून बरेच जास्त. मधे ट्रे वर-खाली बदला. अर्धवट वाळलेल्या फळांत ताज्या चकत्यांचा ट्रे मागाहून सरकवू नका, ताज्याची ओल सुक्यात जाते. विजेची धास्ती अनेकांना असते. 400 वॉटचं यंत्र 10 तास चाललं तर जास्तीत जास्त 4 युनिट होतात. तेव्हा यंत्र भरून चालवा, दोन मूठ फळांसाठी लावू नका.

ओटीजी वापरायचा असेल तर आधी त्याचा आकडा बघा. अनेकांचा काटा शंभर अंशांपासूनच सुरू होतो आणि त्यात स्ट्रॉबेरी भाजली जाते. 60 अंशांवर राहणारा आणि आत पंखा असलेला असेल तरच वापरा. दारात लाकडी चमचा अडकवून दोन बोटं फट ठेवा, वाफ निघून गेली पाहिजे. लहान मुलं घरात असतील तर दार उघडं असेपर्यंत तिथून हलू नका. मायक्रोवेव्ह या कामाचा नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं

गरम चकती नेहमी मऊ लागते, म्हणून चार-पाच तुकडे काढून पूर्ण गार होऊ द्या. मग एक मधोमध घडी घाला. ती चामड्यासारखी वाकली पाहिजे, तुटली नाही तरी चालेल, पण घडीवर चिकटता कामा नये. दुसरी फाडून फाटलेली कड दाबा, ओलीचा थेंबही दिसायला नको. मग बेदाणावाल्यांची परीक्षा. मूठभर घेऊन आवळा आणि मूठ उघडा. सुटे झाले तर झालं, गोळा राहिला तर परत घाला. जास्त वाळून कुरकुरीत झालं तर बिघडत नाही, तसं फळ उलट जास्त टिकतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पावसाळ्यात बरणी खराब होते ती त्यामुळेच. कितीही सारखं चिरलं तरी काही तुकड्यांत ओल जास्त राहते. म्हणून गार झालेलं फळ काचेच्या बरणीत दोन-तृतीयांशच भरा, झाकण घट्ट लावा आणि सात ते दहा दिवस रोज एकदा बरणी हलवा. ओल सगळ्यांत सारखी वाटली जाते. या दिवसांत काचेच्या आतून दव दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटू लागले, तर सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी टाका, वरवर निवडून उरलेलं खाऊ नका.

तुती

पहिल्यांदाच करत असाल तर खरं म्हणजे तुतीपासून सुरू करा. चिरणं नाही, सोलणं नाही. परसात किंवा बांधावर झाड असेल तर खाली जुनी चादर धरून फांदी हलवा. आपोआप पडते तीच तुती पुरती पिकलेली. पडलेली लगेच धुऊन निथळा, कारण ती तासा-दोन तासांत रस सोडू लागते. देठ हिरवा आणि चिवट असतो. ओला असताना ओढलात तर फळ चिरडतं, वाळल्यावर कात्रीने कापा किंवा तसाच राहू द्या. अख्खी तुती उन्हात तीन ते पाच दिवस घेते, 57 अंशांवर साधारण दिवसभर. काळ्या तुतीचा डाग हाताला आणि कपड्याला पक्का बसतो, हाताला लिंबू चोळा आणि जुने कपडे घाला.

करवंदाचं तंत्र वेगळं. एप्रिल-मेमध्ये यवतेश्वर-कासच्या वाटेवर द्रोणातून विकायला येतात, त्यातली अगदी काळी झालेलीच घ्या. अर्धवट पिकलेल्यात चीक असतो. दोन भाग करून बिया काढा आणि साखरेत मुरवून वाळवा. जांभूळ येतं तेव्हा पाऊस आलेला असतो, ते फक्त यंत्रात. दुकानातून ब्ल्यूबेरी आणली, तर तिची साल द्राक्षासारखी मेणचट असते. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, मग पुसून वाळवायची. नाहीतर साल फुगते आणि आत रस तसाच राहतो.

मऊ फळाची पोळी

सुरुवातीला बाजूला काढलेली मऊ स्ट्रॉबेरी मिक्सरमधून फिरवा, गाळण्याची गरज नाही. किलोभर गराला दोन चमचे लिंबाचा रस घाला, हवी तर थोडी साखर. कढईत मंद आचेवर ढवळत दाट करा, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत. स्टीलच्या ताटाला तुपाचं बोट लावून त्यावर ओता. मधे पातळ आणि कडेला किंचित जाड ठेवा, कारण कडा आधी वाळतात. आंब्याच्या पोळीसारखीच वाळवायची. मधे बोट टेकवलं आणि ठसा उठला नाही की सोडवून घ्या, बटर पेपरमध्ये गुंडाळा.

पावसाळ्यापर्यंत नेताना

एक मोठी बरणी भरू नका. लहान-लहान बरण्या भरा, म्हणजे दर वेळी उघडताना सगळ्या साठ्याला दमट हवा लागत नाही. अंधारी, गार जागा हवी. गॅसजवळचं कपाट किंवा खिडकीतली फळी नको, उजेडाने रंग उडतो. साताऱ्या-सांगलीच्या उन्हाळ्यात खोलीतल्या कपाटात चांगलं वाळलेलं फळ चार-सहा महिने टिकतं, फ्रिजमध्ये वर्षभर. मे संपताना सगळ्या बरण्या एकदा उघडून बघा, मूठ-परीक्षा पुन्हा करा, शंका आली तर जूनच्या आधीचं ऊन दाखवा. महाबळेश्वर-पाचगणीकडे राहत असाल तर पावसाचे चार महिने थेट फ्रिजमध्येच ठेवा, तिथल्या दमट हवेपुढे बरणीचं झाकण पुरत नाही.

पूड करायची असेल तर ती मात्र आधी करून ठेवू नका. स्ट्रॉबेरीची पूड हवेतली ओल फार लवकर खेचते आणि दोन दिवसांत तिचा दगड होतो. श्रीखंडात, दुधात किंवा शिऱ्यात घालायची त्याच दिवशी कुरकुरीत चकत्या मिक्सरमध्ये फिरवा. चकत्या लवचीक असतील तर आधी 57 अंशांवर तासभर ठेवून गार करा, मगच फिरवा, नाहीतर पात्याखाली चिकट गोळा होतो.